काचेचं छप्पर राहू दे, गाडी का थांबलीय तेवढं सांगा

मुंबई-पुणे ट्रेनचा विषय काढून बघा, पाच मिनिटांत कुणीतरी डेक्कन क्वीनच्या चीज टोस्टवर येणारच. आमच्याकडे तर बाबा थेट १ जून १९३० पासून सुरुवात करतात, पहिल्या दिवशी ती कल्याणहून पुण्याला कशी गेली, डायनिंग कारचा काय थाट होता, लोक कसे टापटीप होऊन बसायचे (बाबांचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी, पण सांगतात असं की जणू समोरच्याच सीटवर होते). दर १ जूनला पुणे स्टेशनवर गाडीचा वाढदिवस होतो, केक कापतात, हार घालतात, पेपरात फोटो येतो. छानच आहे ते, मला काही खुपत नाही. पण या कौतुकात बाकीच्या गाड्या, ज्यांचा वाढदिवस कुणाला माहीत नाही आणि ज्यांच्यात आपण डी-फाइव्ह डब्यात मधल्या सीटवर दोन्ही बाजूंचे खांदे खात जातो, त्यांचं काय चाललंय हे कुणी बोलतच नाही.

मी मुलुंडची, आई-बाबा पुण्यात. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून ठाणे गाठायचं, सोमवारी पहाटे उठून परत यायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की बॅगेत टूथब्रशचा एक कायमचा सेट असतो. कुठली गाडी ते मुद्दाम लिहीत नाही, थोड्याफार फरकाने सगळ्यांची तीच गत आहे आणि उगाच एकीच्या नावाने बिल फाडायचं नाही.

आधी घाटाबद्दल, कारण पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं गाडी उगाच थांबत थांबत चाललीय. कर्जत ते लोणावळा हा बोर घाट, १८६३ साली सुरू झालेला, आणि चढ असा की ३७ फूट पुढं सरकलं की १ फूट वर. पुण्याला जाताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात आणि तिथं सुटतात. कर्जतला गाडी थांबते ती त्यासाठी, दिवाडकरांच्या वड्यासाठी नाही, वडा हा आपला बोनस. उतरताना खरी कसोटी ब्रेकची. उतारावर ठराविक जागी गाडी पूर्ण थांबवायचीच, ब्रेक पकडतायत ना याची खात्री करायला, आणि तरी नाहीच आवरली तर तिला बाजूच्या चढाच्या रुळावर घालायची सोय आहे, कॅच साइडिंग म्हणतात त्याला. तेव्हा मंकी हिलला किंवा ठाकूरवाडीला दोन-तीन मिनिटं थांबली तर घाबरायचं कारण नाही, खिडकीतून येणारा ब्रेकचा करपट वास पण नेहमीचाच. पासहोल्डर मंडळी त्या वेळात डोळेसुद्धा उघडत नाहीत. ते डोळे उघडून घड्याळ बघायला लागले की समजायचं आज काहीतरी वेगळं आहे.

जुलैमधल्या एका सोमवारी तसंच झालं. लोणावळा सोडलं, खंडाळा गेलं, मंकी हिलचा नेहमीचा स्टॉप झाला, थोडं खाली सरकलो आणि मग जे थांबलो ते थांबलोच. एका बाजूला काळा ओला कातळ इतका जवळ की हात बाहेर काढला असता तर लागला असता, दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं धुकं. मोबाइलला रेंज नाही. मधेच एक काडी यायची आणि त्या एका काडीत सगळा डबा एकदम ऑफिसला फोन लावायचा, म्हणजे कुणाचाच लागायचा नाही. गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपवर आम्ही केव्हाच कर्जत सोडून कल्याणकडे निघालेलो होतो, वेळेवर. माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलाने ते मला दाखवलं आणि म्हणाला, "ताई, बघा, आपण पोचलो पण."

पहिला अर्धा तास लोक मजेत असतात. फोटो, रील्स, धबधबा, वगैरे. मग हळूहळू प्रश्न सुरू होतात आणि उत्तर द्यायला कुणीच नाही. टीसी एकदा येऊन गेला होता, तो लोणावळ्याच्या आधी. अनाउन्समेंट नाही. मग अफवा. कुणी म्हणालं दरड आली, कुणी म्हणालं इंजिन फेल, एक गृहस्थ तर छातीठोकपणे सांगत होते की पुढं माणूस आडवा आलाय. ते ऐकून पलीकडच्या आजी जपच करायला लागल्या. समोर एक बाई होत्या, मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ, दुधाची पावडर होती पण गरम पाणी संपलेलं. आमच्या गाडीला पेंट्री नाही. तिसऱ्या रांगेतल्या पासहोल्डर काकांनी बॅगेतून थर्मास काढून न बोलता पुढे केला. ते स्वतःसाठी पाणी आणत होते, ब्लॅक टी करून पितात रोज ठाण्याच्या पुढे. बाळ झोपलं. काका, तुम्हाला हे वाचायला मिळालं तर थँक यू, त्या दिवशी तोंडावर कुणी म्हणालंच नाही.

आणि माहिती कुणी दिली सांगू का? चहावाल्याने. तो स्टीलची टाकी घेऊन डब्याडब्यातून शेवटपर्यंत गेला, गार्डला चहा दिला आणि येताना बातमी घेऊन आला: "ठाकूरवाडीच्या पुढं दगड आलाय, माणसं लागलीत कामाला, एक लाइन चालू आहे, आपल्या पुढं दोन गाड्या आहेत, तासभर धरून चाला." बास. एवढंच वाक्य. ते प्रत्येक डब्यात बोलत तो इंजिनकडे गेला आणि त्याच्या मागे मागे डबे शांत होत गेले, अक्षरशः ऐकू येत होतं ते. आजींचा जप थांबला. मुलाने ॲप बंद केलं. मी मॅनेजरला मेसेज टाइप करून ठेवला की रेंज आली की जाईल, दुपारनंतर येते म्हणून. चहाचे पैसेही त्याने नेहमीचेच घेतले, हेही लिहून ठेवते कारण अशा वेळी बिस्किटाचा पुडा कसा महाग होतो ते सगळ्यांना माहितीय.

म्हणजे गार्डला (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून) सगळं माहीत होतं. त्याला कंट्रोल रूमकडून कळलेलं होतं. ते त्याच्याकडून आमच्यापर्यंत यायला मधे एक चहावाला लागला, एवढाच माझा मुद्दा आहे. दगड घाटात येणारच. पावसाळ्याआधी हिल गँगवाले दोरांना लटकून सुटे दगड पाडतात, जाळ्या ठोकल्यात, पावसात रात्री ट्रॅकवरून पेट्रोलिंगवाला बॅटरी घेऊन चालत असतो, त्या माणसांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे, मला कुणी दहा हजार जास्त दिले तरी मी ते करणार नाही. गाडी थांबली याचा राग नव्हताच कुणाला.

यापेक्षा कितीतरी वाईट दिवस या लाइनने बघितलेत. २०१९ चा पावसाळा आठवतोय? १ जुलैला जांबरुंग-ठाकूरवाडीच्या मधे मालगाडी घसरली, पुढं ऑगस्टमध्ये घाटात एवढं नुकसान झालं की डेक्कन क्वीनसकट पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस रद्द, ऑक्टोबरात मंकी हिलजवळ परत तेच. कोल्हापूरकडून मुंबईला येणाऱ्या काही गाड्या पुण्यातच संपवत होते. त्या वर्षी दादरला एशियाडच्या स्टँडवर (शिवनेरी आली, ई-शिवनेरी आली, आम्ही अजून एशियाडच म्हणतो) जी लाइन असायची ती बघून माणूस घरी परत जायचा. आणि त्याच जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस. २६ तारखेला रात्री सीएसएमटीहून सुटली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त लोक, दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नेव्ही, सगळे येऊन बोटीने बाहेर काढले. तेव्हा एक गोष्ट नीट झाली ती म्हणजे गाडीतून उतरू नका, गाडीच जास्त सुरक्षित आहे, असं लोकांना स्पष्ट सांगितलं गेलं. बाहेर अंधार, पाण्याला ओढ. कुणी सांगितलं नसतं तर उतरलेच असते चारदोन जण. तर सांगता येतं, मनावर घेतलं तर.

आता सोयींबद्दल. २६ जून २०२१ ला डेक्कन एक्स्प्रेसला व्हिस्टाडोम लागला, त्याच १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनलाही, पुढच्या वर्षी प्रगती एक्स्प्रेसला. काचेचं छप्पर, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, ४४ सीट. मी एकदा आई-बाबांना घेऊन बसले, बाबा बोगदा आला की खुर्ची फिरवायचे, आईला चक्कर आली. मजा आली, खोटं कशाला बोलू. २०२२ च्या जूनमध्ये क्वीनला नवीन एलएचबी रेक (म्हणजे नव्या बनावटीचे सगळे डबे) मिळाला, १० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूरची वंदे भारत सुरू झाली आणि ती बँकर न लावता घाट चढते म्हणून सगळीकडे व्हिडिओ फिरले. चांगलंय. पण त्याच घाटात त्याच दिवशी डी-सेव्हनच्या टॉयलेटला पाणी नसतं, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही, काढण्यासारखा नसतोच तो.

पाण्याचा हा विषय बायकांना विचारा. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत, सकाळी उठल्यापासून दादर येईपर्यंत. जाणूनबुजून. गाडी वेळेत असेल तर साडेतीन तास कसेबसे निघतात, ती घाटात अडकली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. बायोटॉयलेट आले, चांगलं झालं, रूळ स्वच्छ झाले, पण बायोटॉयलेटलाही पाणी लागतंच ना? गाडी सुटायच्या आधी टाकी भरली की नाही हे कोण बघतं, आणि लोणावळ्यालाच संपली तर मधे कुठे भरतात का, हे मी एका कर्मचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, तक्रार करा." केली. बसल्या जागी फोनवरून, पीएनआर टाकून, फोटो जोडून. मुलुंडला घरी पोचून आंघोळ झाल्यावर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. कुठे? कुणाचं? मी तर उतरले होते.

त्या सोमवारचा शेवट सांगायचा राहिला. कर्जतला पोचलो तेव्हा पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर सीएसएमटी लोकल उभी. आता हा पेच ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आपली गाडी आधी सोडतील की लोकल आधी? आपलं रिझर्व्हेशनचं तिकीट लोकलमध्ये चालेल की टीसीने धरलं तर वाद घालत बसायचं? पुढं कल्याणला परत अर्धा तास लटकवणार का? एका माइकवर एक वाक्य बोललं असतं तर पंधराशे माणसांचा निर्णय झाला असता. कुणी बोललं नाही. निम्मे लोक बॅगा घेऊन लोकलकडे पळाले, त्यातले काही आमच्या गाडीचा भोंगा ऐकून परत पळत आले, एक जण पूल चढून उतरून परत चढला, चप्पल तुटली बिचाऱ्याची. भोंगा आमच्या गाडीचा नव्हताच. शेवटी लोकल आधी गेली. बाळवाल्या बाई, आजी, काका आणि मी, आम्ही बसूनच राहिलो कारण उठायची ताकद नव्हती.

कल्याणला लटकवतात ते का, हेही बघायला पाहिजे, नुसत्या शिव्या देऊन काय. कल्याण ते कर्जत मुळात दोनच लाइन, त्यावर लोकल, मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सगळ्या एकामागे एक. तिसरी-चौथी लाइन टाकायचं काम त्या पट्ट्यात चालूच आहे. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी लाइन २०२२ च्या फेब्रुवारीत झाली, त्यासाठी ७२ तासांचा ब्लॉक (म्हणजे कामासाठी तेवढा वेळ लाइन बंद) घेतला होता, आणि खरं सांगते, फरक पडला, पूर्वी मुंब्र्याच्या आसपास फास्ट लोकलच्या मागे जे रखडायचो ते कमी झालं. पण तिकडे कुर्ल्याच्या पुढे परत तीच चिंचोळी वाट. पनवेल-कर्जत दुहेरी लाइन घेतलीय, वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे तिचा, कर्जतकडची थोडी गर्दी त्या बाजूला वळेल अशी आशा. मोठी कामं आहेत, वेळ लागतो, ब्लॉक लागतात. २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याचा पाच-सहा नंबर प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा आणि सीएसएमटीचे प्लॅटफॉर्म २४ डब्यांचे करायला ३६ तासांचा ब्लॉक घेतला, पुण्याच्या गाड्या रद्द झाल्या, लोकांनी घरून काम केलं, कुणी फार बोंब मारली नाही. कारण काय, तर आधी सांगितलं होतं! तारीख, वेळ, कुठली गाडी रद्द, कुठली कुठपर्यंत, सगळं दोन-तीन दिवस आधी पेपरात आणि व्हॉट्सॲपवर. मुंबईचा माणूस सांगून केलेला त्रास फार शांतपणे सोसतो, इथं राहायचं तर दुसरा इलाजही नाही म्हणा.

म्हणून मला कळत नाही की अचानकच्या वेळी हे का जमू नये. चार्ट लागला की माझा सीट नंबर मेसेजने येतो. गाडी रद्द झाली तर तोही मेसेज येतो. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे फोन नंबर आहे, मेसेज पाठवायची सिस्टिम आहे, कंट्रोलला घाटातल्या प्रत्येक गाडीचा पत्ता आहे. मग "ठाकूरवाडीजवळ दगड, अंदाजे एक तास" एवढे शब्द डी-फाइव्हपर्यंत यायला काय लागतं? घाटात रेंज नाही हे मान्य, तर मग गार्डने डब्यात येऊन सांगावं असंही मी म्हणत नाही, त्याला गाडी सोडून फिरता येत नाही. टीसी आहे, सफाईवाला आहे, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचा रस्ता आहे. आणि घाट उतरल्यावर कर्जतला तर स्टेशनचा माइक आहेच, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल" हे वाक्य त्याला तोंडपाठ आहे, त्याच्या पुढे गैरसोय नक्की काय आणि किती वेळ एवढं जोडा.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण ग्रुपवर दर पावसाळ्यात तेच विचारतात. तुम्ही चढायच्या स्टेशनला गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही जाणारच नसाल तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) गाडी तिथून सुटायच्या आत भरायचा, नंतर भरून काही होत नाही. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, काही करायचं नाही. आणि एसी चेअर कारचा एसी बंद पडला तर भाड्यातला फरक मागता येतो, फक्त टीसीकडून तसं लेखी घ्या, तो टाळाटाळ करेल, तरी घ्या, उतरायच्या आधी. पंख्याखाली बसवून चेअर कारचे पैसे द्यायचे म्हणजे अतीच होतं. पासवाल्यांनी यातलं काही वाचून उपयोग नाही, आपल्याला पुढची गाडी आणि उभं राहायला जागा मिळाली की झालं.

या शुक्रवारचं तिकीट काढलंय, वेटिंग सहा आहे, होईल. ठाण्याला पाच नंबर प्लॅटफॉर्मवर येणार की सातवर ते मात्र नेहमीप्रमाणे गाडी दिसल्यावरच कळेल.